आरशातली टेकडी

२४ नोव्हेंबर

आज पुन्हा रिकामा फोटो. रिकामा म्हणजे तारे भरपूर, पण जो हवा तो नाही.

ज्याला शोधतोय तो एक क्वेसार आहे, म्हणजे फार दूरच्या आकाशगंगेचा धगधगता गाभा, पूर्वा भाद्रपदेच्या खालच्या अंगाला. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी जन्मालाही आली नव्हती. इतका अंधूक की माझ्या अठरा इंची दुर्बिणीतूनही डोळ्याला दिसत नाही, दिसणारही नाही. कॅमेऱ्याला दिसेल, तेही बराच वेळ उघडा ठेवला तर. मग जे दिसतच नाही त्यावर दुर्बीण रोखायची कशी? कॉलेजातल्या मंडळींना विचारलं की ती कॉम्प्युटरकडे बोट दाखवतात. माझी रीत जुनी आहे. जवळचा एक ठळक तारा धरायचा, तो नेत्रिकेतल्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातल्या, फुलीवर नेमका बसवायचा, आणि नकाशावर मोजलेलं अंतर तेवढंच, त्याच दिशेला, चाकं फिरवून सरकायचं. मग नेत्रिका काढायची, कॅमेरा लावायचा. दिसत नसलं तरी ते तिथंच असतं. असायलाच पाहिजे. गणित खोटं बोलत नाही.

आज बोललं. किंवा दुसरं कोणी बोललं.

फुलीवर बसवताना तारा बुजत होता. रोखून पाहिलं की मळकट, नजर जरा बाजूला नेली की लख्ख. अंधूक वस्तू तिरप्या नजरेनंच बघायच्या असतात, हे मी शाळेच्या पोरांना शिकवत आलो. पण हा तारा अंधूक नाही, चांगला ठळक आहे. शेजारच्या वावरात सोयाबीनचं कुटार जाळलं होतं, त्याचा धूर असेल. लोकांना आकाश म्हणजे चुलीचं धुराडं वाटतं.

छप्पर ओढून घेताना भावसिंग म्हणाला, "भाऊ, त्या ताऱ्याले तरी मालूम हाय काय, तुमी त्याले पाहून राह्यले म्हून?" भावसिंग आमचं शेत राखतो आणि दुर्बिणीची खोलीही. टिनाचं सरकतं छप्पर तो एकट्यानं ओढतो, म्हणून बाकीचं बोलणं मी ऐकून घेतो.

२७ नोव्हेंबर

कारखान्यात दिवसभर चाकं तपासली. मोजणीची दोन्ही चाकं मी स्वतः लेथवर कापली आहेत. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्याइतकं बारीक काम कोणी करत नाही, हे माझे दुष्मनही मान्य करतात. दात तपासले, ढिलाई तपासली, रेषा तपासल्या. चूक नाही.

चाकांत चूक नाही, गणितात नाही, तर उरला आरसा. आरशात माझी चूक असणं शक्य नाही. तो मी हातानं घासला, कारखाना बंद झाल्यावर, कितीतरी वर्षं. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलेल्या माणसानं घासलेला अठरा इंची आरसा विदर्भात दुसरा कुठे असेल तर मला दाखवा. पण ऑगस्टमध्ये त्याच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा नव्यानं चढवून आणला. ते काम माझं नव्हतं.

मुलामावाल्याला फोन केला. म्हणाला, आम्ही सगळ्यांना असाच देतो, कोणाची तक्रार नाही. मी म्हटलं, बाकीच्यांना डोळे नसतील. त्यानं फोन ठेवला.

३० नोव्हेंबर, अमावास्या

आकाश काचेसारखं स्वच्छ. आज सबब नव्हती.

एक तारा धरला आणि मुद्दाम फोकस बिघडवला. आरसा चांगला असेल तर तारा फुगून गोल वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. वर्तुळं होती. पण मधोमध एक मळका ठिपका आणि त्याच्याजवळची वर्तुळं आत ओढल्यासारखी, पिचकी. नेत्रिका बदलली. ठिपका तसाच. दुसरी बदलली. तसाच.

म्हणजे आरशाच्या मध्यभागीच काहीतरी आहे. राग इतका आला की भावसिंगनं आणलेला चहा तसाच राहिला. आरसा काढला, कांबळ्यात गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला आणि लोहाऱ्याला आणला. पांढरकवडा रस्त्यावर ट्रकवाल्यांनी हेडलाइट डोळ्यांत मारून जीव नकोसा केला.

३ डिसेंबर

सापडली.

ब्लेडची चाचणी केली. आरशासमोर बारीक दिवा, त्याला लागून दाढीचं ब्लेड, ब्लेडच्या मागे डोळा. आरशावरून परतलेला प्रकाश ब्लेडनं अर्धा कापला की काचेवरचा उंचसखलपणा असा उठून येतो, जसे मावळतीच्या तिरप्या उन्हात शेतातले वरंबे. दुर्बिणीच्या आरशात मधे थोडा फुगवटा दिसतोच, तो आकाराचा भाग आहे, मला तोंडपाठ आहे. हे त्यावर बसलेलं वेगळं आहे. मधोमध, गोल, मळकट, कडेला उतरती. टेकडी.

घाई केली नाही. आरसा पाव फेरी फिरवला. दोष काचेच्या एका बाजूला असता तर आरशाबरोबर फिरला असता. टेकडी जागची हलली नाही. अर्धी फेरी. तरी मधेच. म्हणजे अगदी केंद्रात आहे. अशी शिस्तशीर तपासणी कोण करतो आजकाल?

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. कडेकडे नजर नेली की टेकडीही थोडी तिकडे सरकल्यासारखी वाटते. थकवा असणार. दिवसभर लेथ आणि संध्याकाळी हे.

मुलामावाल्यानं जुना थर काढताना मधे काहीतरी रगडलं आहे, यात मला आता शंका नाही.

६ डिसेंबर

मंदार सर आले होते. कॉलेजात फिजिक्स शिकवतात, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आकाशदर्शन मंडळाचे अध्यक्ष. मीच ते मंडळ सुरू केलं होतं, पण अध्यक्षाला पदवी लागते म्हणे. संक्रांतीनंतर पांढरकवड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलांना दुर्बीण दाखवायचा कार्यक्रम ठरला आहे, त्याचं विचारायला आले. मी सांगितलं, दुर्बीण आजारी आहे, कार्यक्रम रद्द.

त्यांनी माझे फोटो मागितले. लॅपटॉपवर मोठे करून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "कमलाकरराव, तारे सुईच्या टोकासारखे आहेत. आरशावर टेकडी असती तर कॅमेऱ्यानं चुगली केली असती. आरसा उत्तम आहे. फक्त तुमचा नेम चुकतोय."

माझा नेम. मी लेथवर केसाच्या जाडीचा दहावा भाग डोळ्यानं सांगणारा माणूस. मी म्हटलं, सर, कॅमेऱ्यात चिप असते, ती सगळं गोडगोड करून दाखवते, तुमच्या मंडळाच्या अहवालासारखं. आरसा बोलतो तो ब्लेडशी. तर म्हणाले, हवं तर मी एक छोटं यंत्र देतो, ते ताऱ्यांचा फोटो ओळखून आपोआप नेम धरतं. यंत्राला विचारून आकाश बघायचं तर घरी टीव्ही आहे, असं मी सांगितलं.

ते ब्लेडच्या मागे वाकले, पाहिलं, आणि म्हणाले, मला तरी नेहमीसारखाच दिसतो. एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पाहतात. पदवीवाल्यांची ही दया मला शिवीहून वाईट वाटते. जाताना चप्पल घालता घालता माझ्या बायकोशी, शुभदाशी, काहीतरी बोलले. मी लक्ष दिलं नाही.

टेकडी मी स्वतः काढणार. राळेचा लहान पाट, म्हणजे घासायची मऊ चकती, करायचा, पॉलिशची पावडर लावायची, आणि फक्त मध्यभाग हलक्या हातानं घासत आणायचा. मुलामा जाईल, जाऊ दे. धोका हा की एकदा जास्त घासलं गेलं की टेकडीचा खड्डा होतो, आणि मग सगळा आरसा पुन्हा पहिल्यापासून. या वयात ते होणार नाही. म्हणून हात चुकता कामा नये. माझा चुकत नाही.

९ डिसेंबर

आज किसनरावशी भांडण झालं. मागच्या खोलीला खिडकीची लोखंडी जाळी बसवायला तो आला होता. काम संपवून बिडी ओढत बसला. मी जाळीपाशी गेलो, डावा डोळा मिटला आणि गजांवरून नजर टाकली. मधले दोन गज वाकडे. पोटात घेतल्यासारखे आत गेलेले.

मी सांगितलं. तो म्हणाला, सिध्धे हायत. मी म्हटलं, वाकडे आहेत. त्यानं पट्टी लावून दाखवली, पट्टी गजाला चिकटून बसली. मी म्हटलं, तुझी पट्टीच वाकडी आहे. तर म्हणाला, "मंग तुमची लावा ना भाऊ." माझी पट्टी कारखान्यात होती. म्हणून मला आणखी राग आला.

शुभदा आतून आली. म्हणाली, "अहो, दोन्ही डोळ्यांनी बघा की."

मी तिला समजावलं की सरळपणा एकाच डोळ्यानं बघतात. सुतार, गवंडी, फिटर, नेमबाज, सगळे एक डोळा झाकतात, दोन डोळ्यांनी बघतात ते गिऱ्हाईक. किसनराव म्हणाला, "एकाच डोळ्याचं काम असन त दुसरा मले द्या, मले कामी येईन." मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो हत्यारं उचलून गेला.

शुभदा तशीच उभी होती. रागावली नव्हती, काही नाही. नुसती बघत होती. इतकी वर्षं संसार केला, पण या बाईच्या चेहऱ्यावर कधी कधी काय असतं ते मला वाचता येत नाही.

११ डिसेंबर

शुभदा म्हणते तिला चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतो. नागपूरला एक चांगले डोळ्यांचे डॉक्टर आहेत, शनिवारी चला, गाडीत एकटीला कंटाळा येतो. मी म्हटलं, डोळे तुझे, तू जा, मला आरसा आहे. म्हणाली, तुमचेही दाखवून घेऊ सोबत, गेलोच आहोत तर. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय धाड भरली? मला अजून जवळच्याचा चष्माही लागत नाही.

तिनं शनिवारचं पुढे काढलंच नाही.

संध्याकाळी गॅलरीत कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होती. "सर" म्हणाली, एवढं ऐकू आलं. म्हणजे मंदार. म्हणजे दोघं मिळून दुर्बीण कॉलेजला द्यायला लावणार. ठीक आहे. माझ्या प्रेतावरून न्या.

१४ डिसेंबर

शुभदा ऑफिस सुटल्यावर कारखान्यात आली. ती भूमी अभिलेख कार्यालयात आहे, शेतांच्या मोजण्या आणि हद्दींची भांडणं हे तिचं रोजचं. इथे ती वर्षातून एकदा येते, दसऱ्याला, पूजेपुरती. आज येऊन म्हणाली, टेकडी दाखवा.

दाखवली. ब्लेडमागे बसवली, कुठे बघायचं ते सांगितलं. बराच वेळ पाहत होती. म्हणाली, दुधावरच्या सायीसारखं गुळगुळीत दिसतं. मी म्हटलं, तुला बघायची सवय नाही. म्हणाली, तेही खरंच.

मग मला वाटलं जाईल, तर स्टूल ओढून बसली आणि ऑफिसातलं सांगायला लागली. उमरखेडकडचं काहीतरी प्रकरण. दोन भावांच्या बांधावरचा दगड हरवला. भूकरमापकानं मोजून दगड ठरवला, धाकट्यानं हरकत घेतली. "मग फेरमोजणी लागते नं. आणि फेरमोजणीला पहिला माणूस कधीच पाठवत नाहीत. तो कितीही हुशार असू द्या. त्याच माणसानं, त्याच जागेवरून मोजलं तर तीच चूक पुन्हा बरोबर येते."

मी म्हटलं, मी आरसा फिरवून फिरवून मोजला आहे. म्हणाली, "आरसाच फिरवला ना?"

मी म्हटलं, मग काय भिंत फिरवू? ती उठली, डबा घेतला आणि गेली. कामाच्या वेळी येऊन बांधाच्या गोष्टी सांगते.

१७ डिसेंबर

राळेचा पाट जमला. नखानं दाबला तर हळू खूण उठते, एवढा मऊ. पावडर भिजत घातली. उद्या दुपारी कामगारांना सुटी दिली आहे, शटर खाली ओढून एकटा बसणार. घासण्याआधी एक शेवटची चाचणी, मग हात.

मन थोडं घाबरं आहे. हे फक्त इथे लिहितो.

आजचा पेपरही पुसट छापला आहे. फोन करून सांगायला हवं.

१८ डिसेंबर

झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी शटर ओढायला गेलो तर शुभदा आत. अर्धी रजा टाकून आली होती. मी मागे शेगडीवर राळ कोमट करायला ठेवली, पाट तयार केला, आणि शेवटच्या चाचणीला आलो तर ही बाई ब्लेडच्या स्टँडला लागून डाव्या अंगाला स्टूल टाकून बसलेली. इतकी चिकटून की माझं डोकं तिथे मावेना. मी उजव्या डोळ्यानं बघतो, म्हणजे नाक आणि डावा गाल तिच्या बाजूला जातात. तिथे तिचा खांदा.

मी म्हटलं, सरक.

"नाही सरकत."

मी म्हटलं, शुभदा, राळ निवते आहे.

"निवू द्या. मी हरकतदार आहे. मोजणीच्या वेळी हरकतदार जागेवर हजर असतो, त्याला उठवता येत नाही. कायदा आहे."

मी ओरडलो. बरंच काही बोललो, मंदारचं नाव घेतलं, कॉलेजचं घेतलं, तिच्या माहेरचं घेतलं. ती ऐकत बसली. पर्स मांडीवर, पाय जुळवलेले, एसटीत खिडकीची सीट मिळाल्यासारखी. शेवटी म्हणाली, "तुम्हाला बघायचंच आहे तर बघा नं. माझ्या उजवीकडून जागा आहे भरपूर."

तिला ओढून काढणं माझ्यानं झालं नसतं. संतापाच्या भरात मी तिच्या उजवीकडून वाकलो, मान वाकडी केली, आणि जो डोळा ब्लेडपर्यंत पोचला त्यानं पाहिलं. डावा पोचला.

आरसा स्वच्छ होता. कडेपासून कडेपर्यंत तीच सावली जी मी घासताना रोज पाहिली, मधे तोच नेहमीचा मऊ फुगवटा. टेकडी नाही.

मला वाटलं दिवा हलला. दिवा तपासला. वाटलं काचेची ऊब बदलली. थांबून पुन्हा पाहिलं. नाही. मी तिला म्हटलं, आता सरक, आणि या वेळी ती लगेच सरकली. उजव्या डोळ्यानं पाहिलं. टेकडी. डाव्यानं. नाही. उजव्यानं. टेकडी. नजर कडेला नेली, टेकडी कडेला आली. वर नेली, वर आली. आरशाबाहेर काढून भिंतीवर नेली.

टेकडी भिंतीवर आली.

शुभदानं उठून शेगडी बंद केली.

त्याच दिवशी, घरी

राग जात नाही. कोणावर ते ठरत नाही म्हणून तिच्यावर आहे.

तिला किती दिवस माहीत होतं? मी विचारलं. म्हणाली, जाळीच्या दिवशी शंका आली, मग मंदार सरांना विचारलं, त्यांनाही तेच वाटत होतं. म्हणजे नऊ तारखेपासून. नऊ तारखेपासून ही बाई माझ्याच घरात मला डोळ्याचं सांगत नाही, स्वतःच्या चष्म्याचं सांगते, उमरखेडच्या भावांचं सांगते, कुठल्या दगडाचं सांगते. मी म्हटलं, सरळ तोंडावर का नाही सांगितलं? माणूस आहे मी, काय तुझ्या ऑफिसातला पक्षकार आहे?

म्हणाली, "सांगितलं असतं, तुमचा उजवा डोळा बिघडला आहे. मग?"

तिनं ताट वाढलं. जेवलो. आमटी चांगली होती, हेही सांगितलं नाही.

आज दुपारी मी चांगला आरसा घासला असता. नसलेल्या टेकडीच्या जागी खड्डा केला असता.

२१ डिसेंबर

नागपूर. डॉक्टर तरुण आहे. मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले, स्क्रीनवर दाखवले. पडदा सरळ पट्टीसारखा असतो, माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध तो वर उचललेला, खाली पाणी साचलेलं. मी पाहिलं आणि हसू आलं. अगदी तशीच होती, उतरतीसकट. टेकडी.

म्हणाला, बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, जानेवारीत पुन्हा दाखवा. मी विचारलं, कशानं होतं? म्हणाला, नक्की सांगता येत नाही, पण तापट, सतत ताणात असलेल्या पुरुषांमध्ये जास्त दिसतं. झोप नीट घ्या, चिडू नका. आणि हे चिठ्ठीवर लिहून दिलं. चिडू नका. औषधाच्या जागी.

इतकं शिकून माणूस हे लिहून देतो. बुटीबोरी जाईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. गाडी शुभदा चालवत होती. म्हणाली, चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवू का, मिळते का बघू.

२४ डिसेंबर

किसनरावकडे गेलो. जाणं भाग होतं. त्याच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं, मुद्दाम थांबवलं नाही. मी उभा राहिलो. शेवटी मुखवटा वर करून म्हणाला, काय भाऊ. मी सांगितलं, गज सरळ होते, माझ्या उजव्या डोळ्यात पाणी झालं आहे.

तो विचारात पडला. म्हणाला, "म्हंजे उजव्यानं वाकडे अन् डाव्यानं सिध्धे?"

मी म्हटलं, हो.

"मंग मले शिव्या कोन्त्या डोळ्यानं देल्ल्या?"

मी म्हटलं, दोन्ही. तो खुर्ची पुसून म्हणाला, बसा. चहा मागवला. मंदार सरांकडे मात्र अजून गेलो नाही. फोन केला आणि आश्रमशाळेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल एवढंच सांगितलं. ते छान म्हणाले. त्यांच्या छान म्हणण्यातही काहीतरी आहे.

मुलामावाल्याला फोन करायचा राहिला आहे. तो कधीतरी करीन.

२९ डिसेंबर

आरसा जागेवर बसवला. अंधार पडताच छप्पर उघडलं. पूर्वा भाद्रपदा पश्चिमेकडे उतरू लागली आहे, वेळ थोडाच मिळतो.

डाव्या डोळ्यानं प्रयत्न केला. जमत नाही. इतक्या वर्षांची सवय, डोळा उघडतो तोच चुकीचा. फुलीच्या रेषेशी तारा नेला की हात उलट्या बाजूला चाक फिरवतो. भावसिंग छपराच्या दोरीपाशी उभा राहून पाहत होता, हे आणखी. दोनदा प्रयत्न केला आणि चाकावर मूठ आपटली. शुभदा शाल गुंडाळून खाटेवर बसली होती. म्हणाली, चिठ्ठी.

मी बाजूला झालो. म्हटलं, बस. तिला नेत्रिकेमागे बसवलं, फुली दाखवली, चाकं हातात दिली. सांगितलं की चित्र उलटं असतं, डावीकडे न्यायचा तर उजवीकडे फिरव. तिनं हळूहळू आणला. श्वास धरून बसली होती. फुलीच्या अगदी मधोमध पाहिजे, मी म्हटलं, जवळपास चालणार नाही. कडेवर चालणार नाही.

"आला," ती म्हणाली.

ती नेत्रिकेपासून बाजूला झाली. मी वाकून पाहू शकलो असतो, डाव्या डोळ्यानं का होईना. पाहिलं नाही. चाकांवर अंतर मोजून सरकवलं, कॅमेरा लावला, उघडला.

फोटो नकाशाशी ताडून पाहिला, दोन्ही बाजूंनी, तीनदा. दोन ताऱ्यांच्या मधे, असायला हवा तिथेच, एक ठिपका. तीळही त्याच्यापुढे मोठा. मी बोट ठेवून दाखवलं. शुभदानं पाहिला. भावसिंगनं पाहिला आणि म्हणाला, "येवढ्यासाठी?"

मग त्यानं विचारलं, जे पाह्याचं हाय त्याच्याकडंच सिध्धी काहून नाही लावत, दुसऱ्याच ताऱ्याले धरून कायले जाता? मी त्याला नीट समजावलं, कारण प्रश्न बरोबर होता. काही गोष्टी अशा असतात की त्यांच्यावर थेट रोखलं तर काहीच हाती लागत नाही. मग जवळचं, दिसणारं, सोपं असं काहीतरी धरायचं, तिथे नीट बसायचं, आणि तिथून हळूच, मोजून, सरकत जायचं. पलीकडे पोचल्यावरच कळतं की आपण कशासाठी निघालो होतो.

शुभदा हसायला लागली. इतकी हसली की शालीनं डोळे पुसले. भावसिंगही हसला, तिला पाहून.

हसण्यासारखं काय होतं ते मी विचारलं. म्हणाली, काही नाही, तुमचं चालू द्या.